आतून सागवान

जुनं फर्निचर घेणारा माणूस सकाळी साडेआठलाच आला. एप्रिल होता, धुळ्याचं ऊन तोवर भिंतीवर चढलेलं. त्याने घरातून एक चक्कर मारली. बंगई काकांकडे जाणार होती, पलंग आत्याकडे. पितळेच्या भांड्यांचे तीन वाटे ओट्यावर मांडून झाले होते. उरलेल्यातून त्याने स्वयंपाकघरातल्या जाळीच्या कपाटाकडे हनुवटीने खूण केली.

“हे आंब्याचं दिसतंय. दोन हजार देईन.”

पप्पा हो म्हणणारच होते. तेवढ्यात त्याने खिशातून मोटरसायकलची किल्ली काढली आणि कपाटाच्या मागच्या पायावर, कुणाला दिसणार नाही अशा जागी, बोटाच्या पेराएवढं खरडलं. आकाशी रंगाचा टवका उडाला. त्याखाली गुलाबी, त्याखाली हिरवं, आणि सगळ्यात खाली लालसर तपकिरी. त्याने वाकून वास घेतला, किल्ली खिशात टाकली आणि म्हणाला, “चला, चार घ्या.”

आम्ही काहीच बोललो नव्हतो. भाव त्याने आपणहून दुप्पट केला होता. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “नाही द्यायचं.” एवढ्यावर ते कपाट माझं झालं.

*

आमचं घर जुन्या धुळ्यातलं. १८१९ मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्जने खानदेशचं मुख्य ठाणं धुळ्याला केलं आणि इथली नवी पेठ आखली. या भागात पत्ता सांगताना अजूनही गल्लीचं नाव नाही, नंबर सांगतात. तसल्याच एका नंबराच्या गल्लीत पन्नास वर्षं राहिलेलं आमचं घर विकलं गेलं. मोठी माय, म्हणजे माझी आजी, आता देवपूरला काकांच्या फ्लॅटमध्ये राहते. वय ८३. घर रिकामं करायच्या दिवशी ती आली नाही. “माले काय पाहनं शे तठे?” एवढंच म्हणाली.

जाळीचं कपाट म्हणजे काय, हे ज्यांचं लहानपण फ्रिजच्या घरात गेलं त्यांच्यासाठी सांगते. कमरेच्या थोडं वर येईल एवढं लाकडी कपाट. दारांना आणि दोन्ही बाजूंना बारीक तारेची जाळी, म्हणजे आत हवा खेळते, पण माशी आणि मांजर शिरत नाही. दूध, तूप, रात्रीचं उरलेलं वरण यात राहायचं. चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. वर्षानुवर्षं पाण्यात उभं राहून आमच्या कपाटाचे पाय खालून दीड-दोन इंच कुजले होते. बाकी अंग जागच्या जागी होतं. एकही खिळा नव्हता. एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या भोकात बसवलेलं आणि वरून बांबूची खुंटी ठोकलेली.

ते मोठ्या मायच्या माहेरचं, नवापूरकडचं. सातपुड्याच्या आणि डांगच्या जंगलातला साग त्या बाजूने खानदेशात यायचा. नवापूरचं रेल्वे स्टेशन तुम्ही रीलमध्ये पाहिलं असेल. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकाच्या मधोमध हद्द दाखवलेली आहे आणि लोक दोन राज्यांत एकेक मांडी ठेवून फोटो काढतात. बाक एकच, पण रंगाच्या एका रेघेने त्याची वाटणी झालेली. रंग कधी कधी किती मोठं काम करतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

छोट्या हत्तीत कपाट आडवं टाकून आम्ही निघालो. पारोळा, एरंडोल, जळगाव. साधारण ९०-९५ किलोमीटर. पप्पा पुढे ड्रायव्हरजवळ बसले होते. एरंडोलला चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, “सगळा रंग काढून टाक. छान पॉलिश मार. सागवान आहे, लोकांना दिसलं पाहिजे.”

मी गप्प राहिले, कारण माझं आधीच ठरलं होतं. मी त्याला रंग देणार होते.

*

मी जळगावला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. नवरा, मी आणि तेव्हा अकरा महिन्यांची असलेली मुलगी. तिला झोपवताना अंधारात फोनवर मी जे बघायचे त्यात निम्म्याहून जास्त रील जुन्या फर्निचरच्या होत्या. काळपट कपाट, मग ब्रश, मग गाणं, आणि पंधरा सेकंदांत तेच कपाट फिकट गुलाबी किंवा राखी निळं. नवी मुठी, आत फुलाफुलांचा कागद. या लाटेच्या मुळाशी चॉक पेंट नावाचा रंग आहे. इंग्लंडमधल्या ॲनी स्लोन यांनी तो १९९० मध्ये आणला. खडूसारखा कोरडा, चमक नसलेला, आणि त्याचं मोठं आकर्षण असं की आधी घासायची फारशी गरज नाही असं सांगतात. आपल्याकडे लोक तो घरीच करतात, भिंतीच्या इमल्शनमध्ये प्लास्टर ऑफ पॅरिस कालवून.

माझी योजना सोपी होती. रंग घासायचा, पाय कापायचे, नवी जाळी, फिकट पिवळा रंग, आणि मुलीच्या कपड्यांचं कपाट.

पप्पांना हे फोनवर सांगितलं तर ते जवळपास चिडले. त्यांच्या पिढीच्या मनात सागाबद्दल एक वेगळाच आदर आहे. सागाला रंग देणं म्हणजे तुपात पाणी घालणं. मी म्हणाले, अहो पण त्याच्यावर आधीपासून रंगच आहे, तुमच्याच घरी दिलेला. त्यावर ते थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, “वरचा आकाशी माझ्या लग्नाच्या वेळचा. ९४ चा. पेंटर लावला होता. खालचा हिरवा कुणी दिला ते माहीत नाही. मला आठवतं तेव्हापासून ते हिरवंच होतं.”

*

जळगावचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. पारा ४५ च्या आसपास असला की रंग ब्रशवरच सुकायला लागतो. म्हणून मी सकाळी सहा ते नऊ एवढीच वेळ धरली. बाल्कनीत जुनी चादर अंथरली, लांबी भरायची पत्ती आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर घेतला आणि सुरू झाले.

पहिले तीन दिवस मी रमून गेले होते, हे खोटं कशाला बोलू. जुना रंग काढणं म्हणजे हळूहळू वाचत जाणं आहे. आकाशी रंग नीट दिलेला होता. सरळ हात, कुठे ओघळ नाही, खाली गुलाबी प्रायमर. पेंटरचं काम लगेच कळतं. तो घट्ट बसला होता आणि घासताना भुकटी होऊन पडत होता.

त्याखालचा हिरवा रंग मात्र वेगळा निघाला. पत्ती लावली की तो पापुद्र्यासारखा लांबच लांब सुटून यायचा, आणि खाली लालसर चकचकीत लाकूड. याचं कारण मला दोन दिवसांनी कळलं. खाली जुनं लाखेचं पॉलिश होतं. ते ओळखायची युक्ती सोपी आहे. कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घेऊन कोपऱ्यात लावायचं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे पॉलिश चिकट होऊन बोळ्यावर तपकिरी डाग येतो. आता पॉलिश केलेल्या गुळगुळीत लाकडावर ऑईल पेंट द्यायचा असेल तर आधी ते घासून खरबरीत करावं लागतं, नाहीतर रंग धरून राहत नाही. हे कोणत्याही पेंटरला माहीत असतं. हिरवा रंग देणाऱ्याने हे केलं नव्हतं. प्रायमरही नव्हता.

आणखी खुणा होत्या. एका दाराच्या कडेला रंगाचे ओघळ तसेच वाळलेले. फळीच्या खालच्या बाजूला रंगच नाही. आणि उजव्या दाराच्या वरच्या पट्टीत रंगात अडकलेले जाड, ताठ केस. ब्रशचे नव्हते ते, कुंचीचे असावेत, भिंतीला चुना मारतात तसल्या. म्हणजे ज्याने कुणी हे केलं त्याच्याकडे ब्रश नव्हता, वेळ नव्हता, बहुतेक उजेडही नव्हता. ज्या लाकडाला कुणीतरी मन लावून लाखेचं पॉलिश केलं होतं, त्याच्यावर कुणीतरी घाईघाईत हिरवा रंग फासला होता. का?

हा प्रश्न घेऊन मी देवपूरला फोन करणार होते. पण त्याआधी दुसरंच घडलं.

*

चौथ्या दिवशी नवा रंग आणला. पाण्यात मिसळायचा, कमी वासाचा. डबा उघडायच्या आधी सवयीने लेबल वाचायला लागले. बारीक अक्षरात लिहिलं होतं की यात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नाही. मला प्रश्न पडला की हे मुद्दाम का लिहावं लागतंय? कुणी रंगात शिसं का घालेल?

पुढचा तासभर मी बाल्कनीच्या उंबऱ्यावर बसून वाचत राहिले आणि वाचता वाचता माझे हात गार पडत गेले.

शिसं रंगात घालायचे, अगदी सर्रास. त्याने रंग झाकणारा होतो, लवकर वाळतो, ऊन-पाण्यात टिकतो. पांढरा सफेदा शिशाचा असायचा. पिवळ्या आणि हिरव्या ऑईल पेंटमधली झळाळी बऱ्याचदा लेड क्रोमेटची. लाकडाच्या जुन्या गुलाबी प्रायमरमधला गुलाबीपणा सफेद्यात शेंदूर घालून आलेला असायचा, आणि शेंदूर म्हणजे शिशाचंच संयुग. अमेरिकेने घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी घातली. आपल्याकडे घरगुती रंगांत ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम १ नोव्हेंबर २०१६ ला आले आणि वर्षभराने, नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. म्हणजे आपल्या घरांतली दारं, खिडक्या, पाळणे, कपाटं यांच्यावरचे त्याआधीचे बहुतेक ऑईल पेंट कुठल्याही सक्तीशिवायचे.

भिंतीवर किंवा कपाटावर घट्ट बसलेला असा रंग फारसं काही करत नाही. तो सुटून खपल्या पडल्या, किंवा कुणी तो कोरडा घासून त्याची धूळ केली, की ती पोटात जाते. आणि सगळ्यात जास्त जाते रांगणाऱ्या मुलांच्या, कारण त्यांचा हात जमिनीवर आणि मग तोंडात असतो. मोठ्यांपेक्षा त्यांचं शरीर शिसं कितीतरी जास्त शोषून घेतं आणि त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेने मांडलेला अंदाज असा की जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण ५ मायक्रोग्रॅमच्या वर आहे. त्यातली मोठी संख्या भारतात.

मी मान वर केली. बाल्कनीच्या खिडकीत आमचा कूलर बसवलेला आहे. कूलर बाहेरची हवा ओढून आत फेकतो. सकाळी सहा ते नऊ मी बाल्कनीत कोरडा रंग घासत होते आणि आत, कूलरसमोर, माझी मुलगी झोपलेली असायची.

*

त्या आठवड्याबद्दल जास्त लिहायची इच्छा नाही. आधी कूलर बंद केला, गवताच्या जाळ्या काढून फेकल्या. सगळं घर ओल्या फडक्याने पुसलं, झाडू अजिबात नाही, कारण झाडूने धूळ पुन्हा उडते. मग मुलीला घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी ओरडा दिला नाही, याचंच जास्त वाईट वाटलं. रक्त तपासायला बाहेर पाठवावं लागलं. रिपोर्ट यायला पाच दिवस.

४.१ आलं. मायक्रोग्रॅम दर डेसिलिटर.

जागतिक आरोग्य संघटना ५ च्या पुढे गेल्यावर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवा म्हणते. अमेरिकेच्या सीडीसीने २०२१ मध्ये आपला आकडा ३.५ वर आणला. माझी मुलगी या दोन आकड्यांच्या मध्ये होती. सुरक्षित म्हणावं असं प्रमाण कुठलंच नाही, हे दोघंही मान्य करतात. डॉक्टर म्हणाले, औषध लागणार नाही. हात धुवा, ओलं पुसा, आहारात लोह आणि कॅल्शियम वाढवा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होत जातं. काही हाडांत जातं आणि तिथे वर्षानुवर्षं राहतं.

मी विचारलं, हे माझ्या घासण्यामुळेच का? ते म्हणाले, सांगता येत नाही. काजळ, भेसळीची हळद, शेंदूर, जुने नळ, वाटा बऱ्याच आहेत. मला हे उत्तर नको होतं. दोष पूर्ण माझा असता तरी चाललं असतं, निदान काही ठरलं असतं.

कपाट त्या दिवशीच प्लास्टिकमध्ये गुंडाळून इमारतीच्या गच्चीवर नेऊन ठेवलं होतं. नवरा म्हणाला, देऊन टाक कुणाला तरी. पप्पा म्हणाले, पॉलिशवाल्याकडे दे, तो सगळा रंग जाळून-घासून काढून देईल. मी विचार केला, त्या पॉलिशवाल्याच्या घरी रांगणारं मूल नसेल कशावरून? संध्याकाळी तो त्याच कपड्यांनी घरी जाणार.

*

मग मी मोठ्या मायला फोन केला. खरं तर रडायला केला होता. मुलीचं सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, शिसं म्हणजे काय ते विचारलं, पोरगी जेवते ना, खेळते ना, ते विचारलं. मग विषय बदलावा म्हणून मी विचारलं, “मोठी माय, तो हिरवा रंग कुणी दिला होता गं?”

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला.

“मीच दिधा व्हता.”

१९७२ च्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी माझे आजोबा गेले. तेव्हा सगळे एकत्र होते, धुळ्याजवळच्या गावात, शेतावर. मोठी माय तिशीची, पदरात तीन लेकरं. दुष्काळाने घर खचलं आणि पुढच्या वर्षी जेठाने वाटणी करायचं ठरवलं. तिच्या बोलण्यात जेठाबद्दल राग नव्हता. त्यांचीही सहा पोरं होती, ती म्हणाली, त्यांच्या घरातही दाणा नव्हता. त्यांनी ठरवलं होतं की लाकूडसामान विकून दोन्हीकडे पैसे घ्यायचे. सागाला गिऱ्हाईक होतं. कपाट तिच्या बापाने दिलेलं, पण एकत्र घरात आलेली वस्तू घराची. ‘माझं आहे’ म्हणायला तिच्या मागे कुणी उभं नव्हतं.

“पोयाना रंग उरेल व्हता,” ती म्हणाली. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला आणलेला हिरवा ऑईल पेंट, तळाला थोडा उरलेला. बैल त्या दुष्काळात निम्मे विकले गेले होते, म्हणून रंग उरला. रात्री लेकरं झोपल्यावर, चिमणीच्या उजेडात, चुना मारायच्या कुंचीने तिने कपाट रंगवून काढलं. सकाळी विचारलं तेव्हा म्हणाली, कीड लागली होती, म्हणून दिला. जेठानी हसल्या की हिला अक्कल नाही, चांगलं कपाट बिघडवलं. व्यापारी आला त्याने सागाचा पलंग पाहिला, दाराच्या चौकटी पाहिल्या. हिरव्या कपाटाकडे त्याने पाहिलंही नाही.

“हिरवं कपाट कोनले पाहिजे?” असं म्हणून ती हसली.

ते कपाट, दोन पेट्या आणि तीन मुलं घेऊन ती धुळ्याला आली. पुढे शिवणकाम केलं, शेवया-बिबडे करून विकले. कपाटात दूध होतं असं नाही, पण कपाट होतं. पप्पांना, काकांना, आत्याला तिने हे कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं का नाही सांगितलं. तर म्हणाली, जेठाचीही पोरं तुमचे काकाच ना. कशाला?

*

जुन्या जळगावात चौधरी वाड्यात बहिणाबाईंचं घर संग्रहालय म्हणून जपलं आहे. शेतीची अवजारं, स्वयंपाकघरातली भांडी, हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या वस्तू. त्या पावसाळ्यात मी मुलीला कडेवर घेऊन तिथे गेले होते. संग्रहालयात वस्तू आहे तशी ठेवता येते, कारण ती आता कुणी वापरणार नसतं. घरात तसं जमत नाही. घरातल्या वस्तूला कुणाचा तरी हात लागतच राहणार, आणि माझ्या घरात तो हात सगळ्यात लहान होता.

म्हणून तीन पर्याय होते. फेकणं, पूर्ण खरवडणं, किंवा आतलं आत बंद करणं. जगभर जुन्या शिशाच्या रंगासाठी तिसरा मार्ग मान्य आहे, फक्त दोन अटी आहेत. सुटलेला रंग आधी निघाला पाहिजे, आणि जिथे लाकडावर लाकूड घासतं, म्हणजे दारांच्या कडा आणि चौकट, तिथला रंग पूर्ण गेला पाहिजे. नाहीतर दर उघडझापीला थोडी धूळ होत राहते.

गच्चीवर, मुलीला आजोळी ठेवून, मी चार दिवस काम केलं. साधं तोंडाला बांधायचं फडकं नाही, धूळ गाळणारा मास्क. रंग पाण्याने भिजवायचा आणि भिजलेलाच काढायचा, कोरडा पेपर अजिबात नाही. कडांना रंग काढायचं रसायन लावून पत्तीने खरवडलं. निघालेला चिखल पिशवीत बांधला, अंगावरचे कपडे वेगळे धुतले. कुजलेले पाय एका सुताराकडून दीड इंच कापून घेतले. जुनी जाळी काढून नवी बसवली.

मग सगळ्यावर लाखेचा हात. चपडी लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून गाळून घेतली आणि दोनदा दिली. यात एक गंमत आहे. सागात तेल असतं, आणि त्याच्यावर थेट पाण्याचा फिकट रंग दिला तर महिन्याभरात पिवळे डाग वर येतात. लाखेचा थर ते अडवतो. रीलमध्ये हे कुणी सांगत नाही, आणि मग कमेंटमध्ये लोक विचारत राहतात की आमचं कपाट पिवळं का पडलं. लाख वाळली की हलका भिजका हात फिरवून प्रायमर, मग रंगाचे दोन हात, मधे पूर्ण दिवस. जून उजाडला होता, आभाळ भरून आलं होतं, म्हणून वाळायला वेळ लागला. पण मे महिन्यातल्यासारखे ब्रशचे ओरखडे राहिले नाहीत.

फिकट पिवळा डबा मी शेजारणीला देऊन टाकला. हिरवा आणला. त्यातल्या त्यात शेवाळी.

कपाट मुलीच्या खोलीत ठेवलं नाही. इतकं करूनही नाही. ते स्वयंपाकघरात आहे, तिच्या वाटेत न येणाऱ्या कोपऱ्यात, आणि दर दिवाळीला त्याच्यावर कुठे टवका उडालाय का ते मी बघणार आहे. ऑगस्टमध्ये तिचं रक्त पुन्हा तपासलं. २.६ आलं. कमी झालं. शून्य नाही. आता ती चालते, कपाटाच्या जाळीला बोट लावायचा प्रयत्न करते, मी तिला उचलून बेसिनकडे नेते. आमच्या घरात हात इतके धुतले जातात की पाण्याचं बिल वाढलंय.

हे वाचून तुमच्या घरातलं जुनं कपाट, पाळणा, खिडकी रंगवायची इच्छा झाली तर जरूर रंगवा. फक्त २०१७ च्या आधीचा रंग कोरडा घासू नका, आणि घरात लहान मूल असेल तर ते काम घरात करू नका. हे मला कुणीतरी एप्रिलमध्ये सांगायला हवं होतं.

*

दसऱ्याला सगळे जळगावला आले. मोठी माय पहिल्यांदाच आमच्या फ्लॅटवर आली. काकांनी तिला हात धरून स्वयंपाकघरात आणलं. ती कपाटासमोर उभी राहिली, दाराच्या कडेवरून अंगठा फिरवला, जिथे आधी ओघळ होते तिथे.

“पुऱ्हा हिरवाच दिधा?”

मी मान हलवली. तिने दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. आत डबे होते, ते मोजल्यासारखे पाहिले. बाकी काही म्हणाली नाही.

संध्याकाळी सोनं द्यायला शेजारचे लोक आले. पप्पा त्यांना घर दाखवत स्वयंपाकघरापर्यंत घेऊन आले. पप्पांना ती गोष्ट मी जूनमध्येच सांगितली होती. त्या दिवशी ते फोनवर काही बोलले नव्हते, नंतर दोन दिवस माझा फोनही घेतला नव्हता. पण सागवान ते सागवान. त्यांनी कपाटावर हाताने थाप मारली आणि पाहुण्यांना म्हणाले, “वरून रंग दिसतोय, पण आतून सागवान आहे बरं का.”

मागून, पलंगावर बसल्या बसल्या, मोठी माय म्हणाली, “गप राय रे भाऊ. कोनले सांगू नको.”